कॅलिफोर्नियात वर्गातलं पुस्तक कोण ठरवतं? नव्याने आलेल्या पालकांसाठी

‘बोर्ड’ म्हटलं की आपल्याला दहावी आठवते. स्टेट बोर्ड की सीबीएसई, एवढाच काय तो प्रश्न. पुस्तकं बालभारतीची, राज्यभर एकच, आणि आईवडिलांचं काम म्हणजे जूनमध्ये त्यांना खाकी कव्हरं घालणं. कॅलिफोर्नियात आल्यावर शाळेकडून ईमेल येते, ‘बोर्ड मीटिंग, मंगळवारी संध्याकाळी’, आणि परीक्षेबिरीक्षेचं काहीतरी असेल म्हणून आपण ती न वाचता पुसून टाकतो. मी चार वर्षं पुसत होते.

इथलं स्कूल बोर्ड परीक्षा घेत नाही. ती असतात तुमच्याच गावातली निवडून आलेली पाच किंवा सात माणसं. कुणी दाताचा डॉक्टर, कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी सॉफ्टवेअरवाला. वर्गासाठी कोणतं पुस्तक विकत घ्यायचं, हायस्कूलला कोणता नवा कोर्स सुरू करायचा, यावर शेवटचा हात तीच वर करतात, आणि तोही उघड सभेत, तुमच्यासमोर.

खाली जे लिहिलंय ते बे एरियात मुलं वाढवताना, थोडं चुकून आणि थोडं विचारून शिकलेलं आहे. नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. टेक्सासात किंवा न्यू जर्सीत असाल तर साचा साधारण ओळखीचा वाटेल, पण तपशील तिथलेच बघा. टेक्सासात तर राज्याचं १५ जणांचं बोर्डसुद्धा मतदानाने निवडून येतं, कॅलिफोर्नियात राज्याच्या बोर्डावर गव्हर्नर नेमणूक करतो.

पहिली पायरी: तुमचं डिस्ट्रिक्ट नेमकं कोणतं

डिस्ट्रिक्ट म्हणजे पुणे जिल्हा किंवा सातारा जिल्हा असं काही डोळ्यांसमोर आणू नका. स्कूल डिस्ट्रिक्टच्या हद्दी शहराच्या हद्दींशी जुळतातच असं नाही. एका सॅन होझे शहरात कितीतरी डिस्ट्रिक्ट आहेत. रस्त्याच्या अलीकडचं घर एकात, पलीकडचं दुसऱ्यात, असंही असतं.

त्यात आणखी एक गंमत. काही ठिकाणी बालवाडी ते बारावी एकच डिस्ट्रिक्ट असतं, त्याच्या नावात ‘युनिफाइड’ असतं. काही ठिकाणी आठवीपर्यंत एक आणि हायस्कूलचं दुसरं. क्युपर्टिनोत आठवीपर्यंतच्या बऱ्याच शाळा क्युपर्टिनो युनियनकडे, पण तीच मुलं नववीला फ्रीमॉन्ट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टमध्ये जातात. आणि या फ्रीमॉन्ट युनियनचा फ्रीमॉन्ट शहराशी संबंध नाही, तिथे फ्रीमॉन्ट युनिफाइड आहे. आमच्या ओळखीतला एक बिचारा सनीव्हेलहून ऑफिस सुटल्यावर गाडी मारत फ्रीमॉन्टला गेला, सभागृहात अर्धा तास बसला, आणि मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या मुलीच्या शाळेचं नाव कुणी घेतच नाहीये.

म्हणजे दोन मुलं, एक पाचवीत आणि एक दहावीत, असतील तर तुम्हाला दोन बोर्डं असू शकतात. डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाकून खात्री करा. तिथेच बऱ्याचदा हेही कळतं की तुमच्या भागाचा सदस्य कोणता, कारण अनेक डिस्ट्रिक्टमध्ये आता वॉर्डासारखे भाग पाडलेले आहेत.

दुसरी पायरी: तुमचा प्रश्न कोणत्या मजल्यावरचा आहे

आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. बोलायचं असतं तिसऱ्या मजल्यावरच्या गोष्टीवर आणि आपण दार वाजवतो पहिल्या मजल्याचं.

वरून खाली येऊ. सर्वांत वर राज्याची मानकं, म्हणजे स्टँडर्ड्स: कोणत्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याची यादी. त्याखाली फ्रेमवर्क, म्हणजे ती यादी कशी शिकवावी याचा जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ. त्याखाली राज्याने तपासून मंजूर केलेल्या पुस्तकांची यादी, ही फक्त आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी. हे सगळं सॅक्रामेंटोत, म्हणजे राज्याच्या राजधानीत ठरतं. मग येतं तुमचं डिस्ट्रिक्ट. ते त्या यादीतलं पुस्तक निवडतं, किंवा मानकांना धरून असेल तर यादीबाहेरचंही निवडू शकतं, मात्र तेव्हा पुस्तक तपासणाऱ्यांत वर्गावर शिकवणाऱ्या शिक्षकांचं बहुमत लागतं. हायस्कूलच्या पुस्तकांना राज्याची यादीच नाही, तिथे पूर्ण निवड स्थानिक बोर्डाची. आणि सगळ्यात खाली, रोजच्या रोज, शिक्षिका वर्गात आणते तो कागद, तो व्हिडिओ, ती गोष्ट.

मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनात दर वर्षी कुणीतरी विचारतंच, “इतिहासाच्या पुस्तकात महाराजांचं नाव का नाही? बोर्डाला पत्र लिहूया.” लिहा, पण स्थानिक बोर्ड काय करणार? इतिहासाची मानकं राज्याने १९९८ साली मंजूर केली. सहावीला प्राचीन भारत आहे: नद्या, वेदकाळ, बुद्ध, अशोक. त्या यादीत ‘आर्यांची आक्रमणं’ असे शब्द आहेत म्हणून प्रकाशक त्यावर काहीतरी छापतोच, कारण यादीतला मुद्दा गाळला तर पुस्तक नापास. हे तुमच्या गावातल्या दंतवैद्य सदस्याला बदलता येत नाही.

२००५-०६ मध्ये याच सहावीच्या पुस्तकांवरून मोठं रण पेटलं होतं. काही हिंदू संघटनांनी प्राचीन भारत आणि हिंदू धर्म यांवरच्या मजकुरात दुरुस्त्या सुचवल्या, हार्वर्डचे मायकेल विट्झेल आणि इतर अभ्यासकांनी त्यांतल्या अनेकींना विरोध केला, दलित संघटनाही उतरल्या, आणि शेवटी प्रकरण कोर्टात गेलं. २०१६ ला फ्रेमवर्कच्या वेळी पुन्हा तेच, तेव्हा ‘भारत’ लिहायचं की ‘दक्षिण आशिया’ यावर. कुणाची बाजू बरोबर हा इथे विषय नाही. मुद्दा एवढाच की ही सगळी भांडणं सॅक्रामेंटोत झाली, गावातल्या बोर्डात नाही.

उलट गणिताचं बघा. आठवीत अल्जिब्रा असावं की नसावं हे सॅन फ्रान्सिस्कोत स्थानिक पातळीवर ठरलं. तिथल्या डिस्ट्रिक्टने २०१४ साली आठवीतलं अल्जिब्रा काढून सगळ्यांना नववीत ढकललं. पालक वर्षानुवर्षं ओरडत राहिले. २०२४ च्या फेब्रुवारीत बोर्डाने ते परत आणायचं ठरवलं आणि मार्चमध्ये शहरातल्या मतदारांनीही सल्लागार ठरावावर प्रचंड बहुमताने तेच सांगितलं. मधली दहा वर्षं मुलं शाळेतून पास होऊन गेलीसुद्धा. आपल्या इंजिनिअर मंडळींनी हा दाखला लक्षात ठेवावा.

तिसरी पायरी: आधी पुस्तक डोळ्यांनी बघा

व्हॉट्सॲपवर आलेला पानाचा फोटो म्हणजे पुस्तक नव्हे. आमच्या ग्रुपवर एकदा एक पान फिरलं, सगळे भडकले, आणि तपासलं तर ते भलत्याच राज्यातल्या पुस्तकाचं निघालं.

मुलाच्या वर्गातलं शिकवण्याचं साहित्य बघायचा पालकाला कॅलिफोर्नियाच्या शिक्षण कायद्याने हक्क दिला आहे, आणि केंद्राचा कायदाही तेच सांगतो. मेहेरबानी मागायची नाही. शिक्षिकेला दोन ओळींची ईमेल पुरते: “या सत्रात वापरणार असलेलं पुस्तक आणि बाकीचं साहित्य मला बघायचं आहे, कधी येऊ?” बहुतेक वेळा ती ऑनलाइन पुस्तकाचं लॉगिनच देते. नाही तर शाळेच्या ऑफिसात बसून बघता येतं. प्रकाशकाचे हक्क असल्यामुळे अख्ख्या पुस्तकाच्या झेरॉक्स मिळतीलच असं नाही, बघायला मात्र मिळालं पाहिजे.

बोर्डाचे जुने ठराव, खरेदीचा करार, असं काही हवं असेल तर माहिती अधिकारासारखा इथला पब्लिक रेकॉर्ड्स कायदा आहे. अर्ज केल्यावर १० दिवसांत ‘देतो की नाही’ एवढं तरी कळवावं लागतं. पण पहिल्या महिन्यात हे हत्यार काढू नका. शाळेच्या सेक्रेटरीबाईंना गोड बोललात तर अर्ध्या गोष्टी त्याच काढून देतात.

चौथी पायरी: शिक्षिका, मग मुख्याध्यापक, मग वर

थेट बोर्ड सदस्याला ईमेल केली की ती फिरून फिरून मुख्याध्यापकांकडेच येते, आणि तुमची ओळख ‘तो वर तक्रार करणारा पालक’ अशी होऊन बसते. आधी शिक्षिकेला विचारा. माझ्या अनुभवात दहातल्या सात गोष्टी इथेच मिटतात. धड्यात दिवाळीबद्दल काही चुकीचं होतं तेव्हा शिक्षिका मला म्हणाली, “तुम्हीच येऊन सांगाल का?” मी पणत्या आणि चकल्या घेऊन गेले. महाराजांचं नाव पुस्तकात आणता येत नसेल, पण सातवीच्या इतिहासाच्या शिक्षकाला रायगडाचे फोटो दाखवायला कुणी अडवत नाही.

पाचवी पायरी: डिस्ट्रिक्टची पॉलिसी शोधा

हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. प्रत्येक डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर ‘बोर्ड पॉलिसीज’ असा कोपरा असतो. बहुतेक डिस्ट्रिक्ट कॅलिफोर्नियातल्या स्कूल बोर्डांच्या संघटनेचा नमुना उचलतात, त्यामुळे क्रमांकही बहुधा सारखेच असतात. ६१६१.१ म्हणजे पुस्तकं कशी निवडायची. ६१६१.११ म्हणजे पूरक साहित्य. ६१४४ म्हणजे वादग्रस्त विषय वर्गात कसे हाताळायचे. १३१२.२ म्हणजे साहित्याबद्दल तक्रार कशी करायची, त्यात फॉर्मही असतो. हा आकडा टाकून शोधलं की दोन मिनिटांत सापडतं.

पॉलिसी वाचून गेलात की बोलण्याचा सूरच बदलतो. “हे बरोबर नाही” असं म्हणण्यापेक्षा “तुमच्या ६१६१.१ मध्ये निवडीत पालकांचा सहभाग असेल असं लिहिलंय, तो या वेळी कधी झाला?” असं विचारलंत की समोरचा माणूस वही उघडतो.

सहावी पायरी: पायलट चालू असतानाच गाठा

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही पायरी विसरू नका. बोर्डापुढे पुस्तक मतदानाला येतं तेव्हा ते जवळजवळ ठरलेलं असतं. खरी निवड त्याआधी सहा महिने, कधी वर्षभर, शांतपणे चालू असते.

होतं असं. डिस्ट्रिक्टला गणिताचं किंवा विज्ञानाचं नवं पुस्तक घ्यायचं असतं. शिक्षकांची समिती बसते. यादीतली पाच-सहा पुस्तकं चाळून दोन उरतात. मग ती दोन काही वर्गांत काही आठवडे शिकवून बघतात, यालाच पायलट म्हणतात. तुमच्या मुलाने “आज आमच्याकडे नवीन पुस्तक होतं, पण ते परत द्यायचंय” असं सांगितलं तर कान टवकारा. पायलट संपता संपता शिक्षकांचं मत ठरतं. मग दोन्ही पुस्तकं डिस्ट्रिक्ट ऑफिसात किंवा एखाद्या ग्रंथालयात पालकांना बघण्यासाठी मांडतात, अभिप्रायाचा फॉर्म ठेवतात. त्यानंतर समितीची शिफारस, आणि सगळ्यात शेवटी बोर्ड.

मी पहिल्यांदा असं पुस्तक बघायला गेले ते एका डिस्ट्रिक्ट ऑफिसच्या मागच्या खोलीत. टेबलावर विज्ञानाची दोन पुस्तकं, शिक्षकांच्या जाड आवृत्त्या, प्रयोगाच्या साहित्याचे खोके, आणि बाजूला दोरीने पेन बांधलेली नोंदवही. खोलीत मी एकटी. मांडणीचा शेवटचा दिवस होता. नोंदवही उघडली तर सात अभिप्राय. एक होता, “चित्रं छान आहेत.” हजारो मुलांचं डिस्ट्रिक्ट, पुढची सात-आठ वर्षं वापरायचं पुस्तक, आणि सात अभिप्राय. मी दोन पानं भरून लिहिलं. मग नंतर समितीच्या अहवालात माझी एक हरकत शब्दशः आलेली पाहिली, कारण उद्धृत करायला त्यांच्याकडे दुसरं फारसं नव्हतंच.

त्या मांडणीत काय बघायचं? चित्रं आणि झळाळी बाजूला ठेवा. एकच प्रकरण निवडा, तुम्हाला स्वतःला येणारं, आणि ते पुस्तक, शिक्षकाची आवृत्ती, गृहपाठ आणि चाचणी असं चारही ठिकाणी शोधा. गणितात सरावाची उदाहरणं किती आहेत ते मोजा. ऑनलाइन भाग किती वर्षांच्या परवान्यावर आहे ते विचारा, परवाना संपला की घरी हातात काय उरतं तेही. प्रयोगाचं साहित्य दर वर्षी नव्याने विकत घ्यावं लागतं का? नव्याने इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी काय आहे? असे प्रश्न लिहिणारे पालक समितीला आवडतात. कारण शिक्षकांच्याही मनात तेच असतं, फक्त त्यांना ते प्रकाशकाच्या माणसासमोर बोलता येत नाही.

समितीत पालकांसाठी जागा असते का, हेही विचारा. शाळेतल्या स्कूल साइट कौन्सिलवर (पालक आणि शिक्षकांच्या समितीवर) किंवा इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालक समितीवर असलेल्यांना असल्या बातम्या लवकर कळतात, आणि या समित्यांना माणसं सहसा मिळत नसतात.

सातवी पायरी: अजेंडा वाचायला शिका

बोर्डासारख्या स्थानिक संस्थांच्या सभा उघड व्हाव्यात म्हणून कॅलिफोर्नियात ब्राउन कायदा आहे. तो १९५३ चा आहे, आणि सामान्य माणसाच्या बाजूने आहे. नियमित सभेचा अजेंडा किमान ७२ तास आधी लावावा लागतो, खास सभेचा २४ तास आधी. त्याबरोबर जोडलेली कागदपत्रंही वेबसाइटवर असतात. सभा मंगळवारी असेल तर शनिवारी चहा घेता घेता अजेंडा उघडायची सवय लावून घ्या.

अजेंड्यावर ‘क्लोज्ड सेशन’ असतं ते सोडा, ते नोकरभरती आणि कोर्टकचेऱ्यांचं. ‘इन्फर्मेशन’ किंवा ‘फर्स्ट रीडिंग’ असं दिसलं तर आज फक्त माहिती, मतदान पुढच्या वेळी. बोलायला हीच उत्तम वेळ. ‘ॲक्शन’ म्हणजे आज मतदान. आणि सगळ्यात सावध राहायचं ते ‘कन्सेंट कॅलेंडर’बाबत. हे म्हणजे एकाच दमात मंजूर होणारं गाठोडं. त्यात पेन्सिलींची बिलं, बसचे करार, आणि मधेच कुठेतरी एखाद्या पूरक साहित्याची खरेदी. चर्चा नाही, एक हात वर, संपलं. त्यातल्या विषयावरही तुम्हाला बोलता येतं. एखाद्या सदस्याला आधी ईमेल करून तो विषय गाठोड्यातून वेगळा काढायची विनंती करा.

हायस्कूलचा एथनिक स्टडीजचा, म्हणजे अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वांशिक समाजांच्या अभ्यासाचा, कोर्स डिस्ट्रिक्टने स्वतः तयार केला असेल तर तो एका उघड सभेत मांडून, नंतरच्या दुसऱ्या सभेतच मंजूर करता येतो, असं २०२१ च्या कायद्यातच लिहिलं आहे. म्हणजे मधले दिवस तुमचे.

सदस्यांना ईमेल करायची तर प्रत्येकाला वेगळी करा. पाच जणांच्या बोर्डात तीन जणांनी सभेबाहेर एखाद्या विषयावर आपापसांत चर्चा करणं कायद्याला मान्य नाही. त्यामुळे सगळ्यांना एकत्र पाठवलेल्या ईमेलवर कुणी ‘रिप्लाय ऑल’ करायला धजत नाही, आणि आपल्याला वाटतं की बघा, किती माजलेत.

आठवी पायरी: माइकपुढे

माझी पहिली फजिती सांगते. मुलगी सातवीत होती, गणिताच्या गटवारीवरून मी चिडले होते. तीन पानं लिहून नेली होती. सभागृह भरलेलं, कारण त्या दिवशी एक शाळा बंद करण्याचा विषय होता. बोलायचं असणाऱ्यांनी नाव लिहून द्यायची इतकी कार्डं आली की अध्यक्षांनी प्रत्येकाला तीनऐवजी एकच मिनिट दिलं. पोडियमवर छोटा दिवा: हिरवा, पिवळा, लाल. मी “आम्ही भारतातून आलो तेव्हा” इथपर्यंत पोचले आणि पिवळा लागला. लाल लागल्यावर अध्यक्ष म्हणाले, “थँक यू”, आणि पुढचं नाव पुकारलं. कुणी मान हलवली नाही, प्रश्न विचारला नाही. मी रागाने लाल होऊन जागेवर बसले. शेजारच्या तमिळ बाई, ज्यांची तीन मुलं याच डिस्ट्रिक्टमधून शिकून गेली होती, हळूच म्हणाल्या, “तुमचा विषय अजेंड्यावर नव्हता. त्यांना बोलताच येत नाही.”

खरं होतं ते. अजेंड्यावर नसलेल्या विषयावर तुम्ही बोलू शकता, पण बोर्ड त्यावर चर्चा किंवा निर्णय करू शकत नाही, फार तर एखादी शंका विचारेल किंवा कर्मचाऱ्यांकडे पाठवेल. ती शांतता उद्धटपणाची नसते, कायद्याची असते. डिस्ट्रिक्टच्या कामाशी संबंधित विषय अजेंड्यावर घ्या अशी लेखी मागणी करायचा हक्कही पालकाला आहे, त्याची रीत पॉलिसीत दिलेली असते. आणि मला हवी होती ती गोष्ट, नववीत गणिताचा वर्ग ठरवायची न्याय्य आणि उघड पद्धत, ती प्रत्येक डिस्ट्रिक्टने लेखी ठेवावी असा २०१५ चा राज्याचा कायदाच आहे. पुढच्या वेळी मी तो कागद हातात घेऊन गेले.

मग बोलायचं कसं? एका मिनिटात बसेल असं. साधारण असं:

“माझा मुलगा अमुक शाळेत सहावीत आहे. मी आजच्या अजेंड्यावरच्या विज्ञानाच्या पुस्तकांच्या खरेदीबद्दल बोलते आहे. ही पुस्तकं मी ऑफिसात जाऊन पाहिली. दुसऱ्या युनिटच्या प्रयोगांचं साहित्य दर वर्षी पुन्हा घ्यावं लागणार आहे. तो खर्च प्रस्तावात दिसत नाही. मतदानाआधी हा आकडा मागवावा, एवढी विनंती.”

बस. भारत, त्याग, टॅक्स, आपली मुलं किती हुशार, काही नको. मागणी एक, आणि त्यांना आज करता येण्यासारखी. उरलेली तीन पानं सभेआधी ईमेलने पाठवा, ती नोंदीत जातात.

नागरिकत्व कुणी विचारत नाही. एच-वन असो की ग्रीन कार्ड, बोलायला कुणालाही मुभा आहे. सभेला येण्यासाठी नाव-पत्ता लिहायची सक्ती करता येत नाही, कार्डावर लिहितो ते आपल्या सोयीने, पुकारायला. आजी-आजोबा मुलं सांभाळत असतील आणि त्यांना मराठीतच बोलायचं असेल तर दुभाषा घेऊन बोलणाऱ्याला किमान दुप्पट वेळ द्यावा लागतो. हे फार कमी जणांना माहीत आहे. मतदानाचं मात्र वेगळं. सॅन फ्रान्सिस्कोसारख्या एखाद्या ठिकाणी नागरिक नसलेल्या पालकांना बोर्डाच्या निवडणुकीत मत देऊ देतात, पण एरवी नागरिक नसताना मतदार म्हणून नाव नोंदवणं इमिग्रेशनच्या दृष्टीने भलतंच महागात पडतं. वकिलाला विचारल्याशिवाय कुठल्याही फॉर्मवर सही करू नका.

नववी पायरी: बोर्डाच्याही हाताला मर्यादा आहेत

‘हे पुस्तक काढून टाका’ अशी मागणी घेऊन जाणार असाल तर आधी हे वाचा. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युलात २०२३ साली बोर्डाने प्राथमिकच्या सामाजिक शास्त्राचं साहित्य नाकारलं, त्यात हार्वी मिल्क या समलिंगी नेत्याचा उल्लेख होता यावरून. गव्हर्नर दंडाची भाषा करू लागले आणि त्याच जुलैत बोर्डाला माघार घ्यावी लागली. सप्टेंबरमध्ये एबी १०७८ हा कायदा झाला: पुस्तकात एखाद्या समाजगटाचं योगदान आहे एवढ्याच कारणावरून बोर्डाला ते नाकारता येत नाही. तेव्हा हरकत घ्यायची तर मजकूर चूक आहे, वयाला न झेपणारा आहे, मानकांशी जुळत नाही, अशी पान क्रमांकासकट घ्या. ‘आमच्या भावना’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही.

स्वतःच्या मुलापुरतं बाजूला काढणं ही वेगळी वाट. लैंगिक शिक्षणाच्या धड्यांतून लेखी पत्र देऊन मुलाला वगळता येतं. ते साहित्य आधी बघता येतं, आणि बाहेरचे वक्ते येणार असतील तर किमान १४ दिवस आधी कळवलं जातं. (मी पत्र दिलं नाही. साहित्य वाचलं, आणि घरी मला जे बोलायला जमलं नसतं ते शाळेने बोललं याचं हायसं वाटलं. ज्याचं त्याने ठरवावं.) धार्मिक कारणावरून काही गोष्टींच्या पुस्तकांमधून मुलांना वगळू द्यावं, असा मेरीलँडमधल्या पालकांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाचा ६ विरुद्ध ३ असा निकाल जून २०२५ मध्ये आला. तेव्हापासून डिस्ट्रिक्ट आपापली पत्रं आणि फॉर्म सुधारताना दिसतात, म्हणून जुना फॉर्म भरू नका, ताजा मागा.

दहावी पायरी: मतदान झाल्यावर

पुस्तक मंजूर झालं म्हणजे ते मुलाच्या हातात आलं असं नाही. शाळा सुरू झाल्यापासून आठव्या आठवड्याच्या आत बोर्डाला एक जाहीर सुनावणी घ्यावी लागते: प्रत्येक मुलाला वर्गात वापरायला आणि घरी न्यायला पुस्तक आहे का? सुनावणी शाळेच्या वेळात किंवा शाळा सुटल्या सुटल्या घेता येत नाही, पालकांना येता यावं म्हणून. तरी जवळपास कुणी जात नाही. दहा मिनिटांत आटपते.

मुलाच्या वर्गातल्या भिंतीवर, फळ्याच्या बाजूला किंवा दारामागे, एक नोटीस चिकटवलेली असते. शाळांत पुस्तकं आणि सोयी अपुऱ्या असल्यावरून राज्याविरुद्ध झालेल्या विल्यम्स खटल्याच्या २००४ च्या तडजोडीतून आलेली. पुस्तक अपुरं असेल तर तक्रार कुठे करायची ते त्यावर लिहिलेलं असतं. नाव न देताही तक्रार करता येते, आणि ती योग्य असेल तर कामाच्या ३० दिवसांत निवारण करावं लागतं. पुढच्या बॅक टू स्कूल नाइटला (वर्षाच्या सुरुवातीला पालकांना वर्गात बोलावतात त्या संध्याकाळी) सगळे पालक छोट्या खुर्च्यांवर अवघडून बसलेले असतील तेव्हा ती नोटीस शोधून बघा. माझ्या धाकट्याच्या वर्गात ती हँड सॅनिटायझरच्या डब्यामागे होती, आणि तिच्यावरचा फोन नंबर दोन वर्षं जुना.